वांग्याचा पेपर

एखाद्याची ओळख करून देताना लोक त्याचं नाव सांगतात, गाव सांगतात, फार तर नोकरी सांगतात. आमचे भंगाळे सर पेपर सांगायचे.

"हे फालक," असं म्हणून ते एखाद्या गृहस्थाला लग्नाच्या मांडवात माझ्यापुढे उभे करत. "नंबर थिअरी. हल्ली कापसाच्या जिनिंगमध्ये असतात." फालक बिचारे नमस्कार करत. कॉलेज सोडल्याला जमाना झाला आणि नंबर थिअरीतलं आता अक्षर आठवत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असे. पण सरांच्या लेखी फालक म्हणजे नंबर थिअरी. जिनिंग, बायको, मुलं, रक्तदाब ही सगळी मागाहून पडलेली भर.

हे जरा उलगडून सांगायला हवं. आमच्या जळगावच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला गणित घेतलेल्या मुलांना बरेचसे पेपर सारखे असत आणि एक पेपर आपल्या मर्जीचा. मेकॅनिक्स घ्या, नंबर थिअरी घ्या, लॅटिस थिअरी घ्या, लिनिअर प्रोग्रॅमिंग घ्या. सरांचं म्हणणं असं की, माणूस जन्मभर जे काही करतो ते परिस्थितीच्या रेट्यानं करतो. आपल्या मनानं म्हणून तो एकदाच काहीतरी निवडतो, तो हा पेपर. तेव्हा माणूस ओळखायचा तो त्यावरून.

ज्यांनी गणित घेतलं नव्हतं त्यांचीही यातून सुटका नव्हती. त्यांना सर स्वतः पेपर नेमून देत. आमच्या गल्लीतले कापडवाले शेठजी मूळचे राजस्थानचे, शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं. सरांनी त्यांना लिनिअर प्रोग्रॅमिंग दिलं होतं. आहे त्या सामग्रीतून जास्तीत जास्त कसं काढायचं याचं ते शास्त्र, असं समजावल्यावर शेठजी इतके खूश झाले, की गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडताना म्हणायचे, "अपना तो लिनिअर प्रोग्रॅमिंग है साहब, प्रोफेसरसाब से पूछ लो."

सरांच्या पुतणीसाठी धुळ्याचं एक स्थळ मी सुचवलं होतं. मी मूळचा धुळ्याचा, त्यामुळे तिकडची स्थळं सुचवणं हा माझ्याकडे आपसूक आलेला धंदा.

"मुलगा बँकेत आहे," मी म्हणालो.

"ते कळलं. पेपर?"

"सर, तो आर्ट्सचा आहे."

सर म्हणाले, "असू द्या. स्वभावानं कोणता वाटतो?"

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि मेहरूण भागात सरांच्या शेजारच्या घरात भाड्यानं राहायचो. येऊन इतकी वर्षं झाली तरी मला त्यांनी पेपर दिला नव्हता. कुणाशी ओळख करून देताना ते माझ्यापाशी आले की अडखळत. "हे देवरे. यांचं अजून ठरायचंय." वरवर मी हसायचो. पण शेठजींना पेपर आहे, आमच्या पोस्टमनला मेकॅनिक्स आहे आणि आपण मात्र अजून प्रतीक्षायादीत, हे मनाला लागायचं.

आता खुद्द सरांचा पेपर. ते शिकवत गोलीय त्रिकोणमिती. आपण शाळेत कागदावर त्रिकोण काढतो. हा विषय गोलावर काढलेल्या त्रिकोणांचा. आकाशातले ग्रहतारे मोजायला तो लागतो आणि जमिनीवर कशालाही लागत नाही. सपाट कागदावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज ठरलेली. गोलावर ती नेहमी जास्त भरते. या एका गोष्टीचा सरांना भारी अभिमान होता. जगातलं कुठलंही व्यवहारी बोलणं त्यांना ऐकवा, ते म्हणणार, "हे सपाटीवर खरं आहे." प्राचार्य म्हणाले, चार टाळक्यांसाठी वर्ग चालवणं परवडत नाही. "सपाटीवर खरं आहे." वहिनी म्हणाल्या, अहो, घरातली साखर संपली. "सपाटीवर खरं आहे." यावर वहिनी पिशवी आणून त्यांच्या हातात देत. मग मात्र ते मुकाट्यानं सपाटीवर उतरून वाण्याकडे जात.

शिकवायला गोल लागतो. लाकडी गोल मागवा, असा अर्ज करणारे अर्ज करतात आणि रिटायर होतात. सरांनी भरिताचं वांगं वापरलं. आमच्याकडची भरिताची वांगी चांगली टपोरी, हिरवट, अंगानं गुळगुळीत. शर्टाच्या खिशात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि हातातल्या पिशवीतून डोकावणारं वांग्याचं देठ, अशा थाटात सर वर्गावर निघत. एका मुलानं वांगं धरायचं, सर त्यावर दोरा ताणून बसवायचे. असे तीन दोरे तीन बाजूंनी ताणले की झाला गोलावरचा त्रिकोण. मुलं त्याला 'वांग्याचा पेपर' म्हणत आणि सरांची त्याला हरकत नव्हती.

मी एकदा शास्त्रीय शंका काढली. म्हटलं, "सर, वांगं काही पुरतं गोल नसतं."

"पृथ्वी तरी कुठं आहे?" सर म्हणाले.

वर्ग संपला की वांगं घरी येई आणि वहिनी भिंतीवरून हाक मारत, "भाऊजी, आज आकाशाचं भरीत आहे, भाकरी घेऊन या." भाजण्याआधी मी ते हातात घेऊन पाहायचो. दोऱ्याचे बारीक वळ त्यावर उमटलेले असत. ही वांगी बाजारातली नसत. सर दर रविवारी एस. टी.नं सावद्याला आपल्या थोरल्या भावाकडे जात आणि आठवड्याची वांगी घेऊन येत. भावाची केळी होती. पण बांधाशी एक वाफा त्यांनी वांग्यांसाठी मुद्दाम राखला होता. वर्गासाठी.

पोरांनी पेपर निवडायचा तो जूनमध्ये. आमच्या कॉलेजात त्या दिवसाला टेबलांचा दिवस म्हणत. गणिताच्या इमारतीसमोरच्या पटांगणात प्रत्येक पेपराचं एक टेबल मांडलं जाई, मागे तो पेपर शिकवणारा प्राध्यापक बसे आणि मुलं रांगेत येऊन सह्या करत. जळगावचा जून म्हणजे अंगाची लाही. त्यात गोलीयचं टेबल फार पूर्वीपासून कडुलिंबाखाली असायचं. सावलीच्या आमिषानं भंगाळे गिऱ्हाईक ओढतात, अशी बाकीच्यांची तक्रार. सर म्हणायचे, "सावली पहिल्यापासून याच टेबलाची आहे. मी नाही आणली."

गिऱ्हाईक ओढण्याची कला सरांच्या अंगी असती तर काय हवं होतं! खोटं बोलणं म्हणजे शून्यानं भागणं, असं ते मानत. एकदा पिंपळनेरकडचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन टेबलाशी आले. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणं.

"सर, हाऊ इषय लिसन पोऱ्याले नोकरी लागी का?"

"नाही."

"मंग काय लागी?"

"नाद लागेल," सर मनापासून म्हणाले.

"नाद ते मना घरमा समदासले शे," शेतकरी म्हणाले. "आते नोकरीना इषय सांगा." सरांनी उठून त्यांना लिनिअर प्रोग्रॅमिंगचं टेबल दाखवलं, वर त्यांच्या मुलाची तिथे रांगेतली जागाही धरून दिली.

तरी दरसाल पाच-सहा मुलं मिळत. वर्ग चालायला किमान पाच लागत आणि सर कसेबसे तेवढी जमवत. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा अभ्यासक्रमात कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग हा नवा पेपर आला. तो शिकवायला एक तरतरीत तरुण प्राध्यापक आले. कॉलेजात कॉम्प्युटर नव्हता. तो येणार असं नुसतं बोललं जात होतं. तोवर ते खडूनं फळ्यावर कॉम्प्युटरचं चित्र काढत आणि मुलं वहीत प्रोग्रॅम लिहीत. प्रोग्रॅम चालतो की नाही ते प्राध्यापक नुसत्या नजरेनं सांगत. "माझ्याकडे निदान वांगं आहे," सर मला म्हणाले. या एका वाक्यापलीकडे ते त्या पेपराबद्दल कधी वावगं बोलले नाहीत.

त्या जूनमध्ये प्रोग्रॅमिंगच्या टेबलाची रांग भर उन्हात पटांगणाला वळसा घालून सायकल स्टँडपर्यंत गेली होती. कडुलिंबाखाली सर एकटे बसले होते. दुपारी एक मुलगा त्यांच्या टेबलाशी आला. सरांनी घाईघाईनं पेनाचं टोपण काढलं. पिण्याचं पाणी कुठं आहे, असं विचारून मुलगा निघून गेला.

पेपर बंद झाला. प्राचार्यांनी सरांना मेकॅनिक्सचे तास दिले, ते त्यांनी व्यवस्थित घेतले. ते रागावले नाहीत, कुढले नाहीत. मला वाटलं, माणूस चांगला सावरला. मग हिवाळा लागला आणि गल्लीत वांग्यांचा पूर आला. दर सोमवारी वहिनी भिंतीवरून चार-चार वांगी देऊ लागल्या. शेठजींकडेही जात, पोस्टमनलाही मिळत. आमच्या घरी भरीत झालं, भाजी झाली, भजी झाली. शेवटी बायकोनं हात जोडले. मी एकदा वांगं निरखून पाहिलं. अंगावर दोऱ्याचा एकही वळ नव्हता.

वहिनींना विचारलं तेव्हा त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांनी सावद्याला अजून सांगितलेलंच नाही, भाऊजी. भाऊ वर्गासाठी वांगी देतात, हे घेऊन येतात."

त्याच शनिवारी सर माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले, उठले, पुन्हा बसले.

"देवरे, उद्या सावद्याला येता? भाऊला सांगायचं आहे. माझ्याच्यानं होत नाही. दर रविवारी तो विचारतो, यंदा पोरं किती. मी म्हणतो, यंदा गर्दी नाही. हे खरंच आहे. पण आता तेही सांगवत नाही. तुम्ही सांगा."

भुसावळ मागे पडल्यावर गाडीत त्यांनी मला सगळं सांगितलं. खिडकीबाहेर बघत, एखादं प्रमेय सांगावं तसं. दोघे भाऊ एकाच वेळी आमच्याच कॉलेजात होते. थोरला तिसऱ्या वर्षाला, हे पहिल्या वर्षाला. त्या पावसाळ्यात वडील गेले. केळी कुणीतरी बघायला हवी होती. भाऊ म्हणाला, तू शीक, मी जातो. पहिलं सत्रसुद्धा पुरं न बसता तो घरी गेला. त्यानं घेतलेला पेपर होता गोलीय.

"म्हणजे तुमचाही तोच पेपर?" मी विचारलं.

"माझा मेकॅनिक्स. गोलीय मी नंतर शिकलो, एकट्यानं. कॉलेजात लागलो तेव्हा तो शिकवायला कुणी तयार नव्हतं, मी मागून घेतला. भाऊचा पेपर चालू राहायला हवा होता. कधी त्याला परत येऊन बसावंसं वाटलं तर? आणि रविवारी जातो, आठवड्यात झालेलं त्याला सांगतो. तेवढं तरी." ते थांबले. "आता काय सांगू त्याला? तू माझ्यासाठी जे सोडलंस, ते मी राखू शकलो नाही?"

भाऊंचं वय तेव्हा साठीच्या घरात असावं. ते कॉलेजात परत येऊन बाकावर बसतील ही कल्पना हसण्याजोगीच होती. पण मला हसू आलं नाही. उलट हा निरोप सांगायचं आपण कशाला कबूल केलं, असं होऊन गेलं.

सावद्याला गावाबाहेर त्यांचं शेत. केळीच्या बागेला लागून एक पत्र्याची शेड होती, तिच्यात दोन खाटा. सरांचे भाऊ, गाव त्यांना आबा म्हणे, उंचेपुरे, अंगात बंडी, बोलण्यात जरा हळू. त्यांनी चहा करवला. मग सरांना म्हणाले, "वासू, जाय, तुह्या हातानं वांगं तोडून आन. तुले पाहिजे तसं गोल मले उमगत नाही." सर पिशवी घेऊन बांधाकडे गेले. ते केळीआड दिसेनासे झाले तसे आबा खाट सरकवून माझ्याजवळ आले.

"सर, तो पेपर बंद झाला ना?"

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्या गावची पोरं तुमच्याच कालेजात हायेत. मले तवाच समजलं."

"मग दर रविवारी विचारता कशाला?"

"नाही इचारलं तं त्याले वाटीन, भाऊले मालूम पडलं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुमचं शिक्षण राहिलं याची सरांना फार खंत आहे, आबा."

"कायचं राह्यलं?" आबांनी बांधाकडे एक नजर टाकली. "तुमाले सांगतो, त्याले सांगू नका. त्या दिसी ऊन असं होतं, का जीव जाय. साऱ्या टेबलाच्या लाइनी उन्हात. एक लाइन लिंबाच्या सावलीत. मी सावलीत जाऊन उभा राह्यलो. नंबर आला, सही केली. मंग वर्गात बसलो तं मास्तर आभाळातलं बोले. मले एक अक्षर समजे ना. बाबा गेले याचं दुख लय झालं, सर. पन कालेज सुटलं याचं नाही झालं. मले केळी समजते. आभाळ नाही समजत."

"आणि इतकी वर्षं दर रविवारी ऐकता?"

"त्याले वाटते, त्याच्यापायी माहं गेलं. तो ते आनून देतो. मी घेतो." मग ते हसले. "समजत अजूनबी नाही. डोळा लागते माहा. पन तो येतो ना, सर. आता त्यानं सांगितलं का पेपर बंद, तं मंग कोनत्या तोंडानं येईन तो?"

सर परत आले. त्यांनी शोधून शोधून अगदी गोल वांगं आणलं होतं. ते पँटला पुसून खाटेवर ठेवलं, खिशातून रीळ काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. आता सांगा, असं ते पाहणं होतं. आबांनीही माझ्याकडे पाहिलं आणि मग मोठ्यानं, नेहमीच्या सवयीनं विचारल्यासारखं विचारलं, "मंग वासू, यंदा पोरं किती?"

यंदा गर्दी नाही, हेसुद्धा सरांना म्हणवेना. त्यांच्या हातातलं रीळ तसंच राहिलं. मला तो क्षण सहन झाला नाही.

"एक आहे," मी म्हणालो.

"कोन?"

"मी."

सर दचकले. लग्नाच्या मांडवात माझं नाव घेताना अडखळायचे तसेच अडखळले. "देवरे, तुम्ही बॉटनीचे."

"हे सपाटीवर खरं आहे, सर," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. हा माणूस थट्टा करतो आहे की काय, हे ते तपासत होते. मी थट्टा करत नव्हतो. पुढे बदली होऊन धुळ्याला परत जाईपर्यंत बहुतेक रविवारी मी त्यांच्याबरोबर त्या खाटेवर बसलो आणि विषय मला आजही आलेला नाही, तरी मी थट्टा करत नव्हतो. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग भावाकडे वळले. या वेळी ते अडखळले नाहीत.

"भाऊ, हे देवरे. पेपर गोलीय."

आबांनी मान डोलावली. माझ्या खाटेच्या कडेवर ऊन आलं होतं, ते पाहून म्हणाले, "इकडं सरका सर. सावलीत बसा."

मग सरांनी शिकवायला सुरुवात केली. वांगं आबांनी दोन्ही हातांत धरलं, दोऱ्याचं एक टोक अंगठ्याखाली दाबलं, आणि सर दोरा ताणत समजावत राहिले की, गोलावर सरळ रेषा कशाला म्हणायचं. मी ऐकत होतो. तिसरा दोरा बसायच्या आधीच आबांचे डोळे मिटले आणि मान छातीवर आली. सरांच्या ते लक्षात आलं नाही, कारण वांगं जरासुद्धा हललं नव्हतं.